ज्याचा नकाशा, त्याचे यंत्र

मेकॅनिकल डिझाइन इंजिनियर नेमके करतो काय, आणि आपल्या धंद्याला त्याची गरज का आहे?

'डिझाइन' हा शब्द कानावर पडला की आपल्या कापड लाइनीतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बुट्टी येते, काठ येतो, चौकडा येतो. यंदा बाजारात कोणते डिझाइन चालले आणि कोणते पडून राहिले, याची चर्चा आपण गाळ्यावर बसून रोज करतो. पण ज्या मागावर ती बुट्टी विणली जाते, त्या मागाचेही कुणीतरी डिझाइन केलेले असते. त्यातला प्रत्येक दाता, प्रत्येक शाफ्ट, प्रत्येक स्प्रिंग आधी कुणाच्या तरी डोक्यात आणि मग कागदावर ठरलेली असते. हे ठरवणाऱ्या माणसाला मेकॅनिकल डिझाइन इंजिनियर म्हणतात. आपल्या धंद्याचा सारा डोलारा त्याच्या कामावर उभा आहे, आणि आपल्या वस्त्यांमध्ये त्याचीच ओळख सर्वांत कमी आहे.

अलीकडे मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या गावांतल्या कारखानदार, जॉबर आणि खरादी कुटुंबांतून मुले इंजिनियर होऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मुलगा मेकॅनिकल झाला की घरातले वडीलधारे दोनच प्रश्न विचारतात. आखाती देशात कधी जाणार? आणि साइटवर पगार किती? एखाद्याने सांगितले की मला डिझाइन विभागात नोकरी लागली आहे, तर घरच्यांचा चेहरा उतरतो. "म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर रेघाच ओढणार का?" असे विचारले जाते.

मी कापडाचा व्यापारी आहे, इंजिनियर नाही. पण तीस वर्षे माग, मागवाले आणि मागाचे सुटे भाग बनवणारे यांच्यात माझा उठबस आहे. नात्यातली आणि ओळखीची काही मुले या कामात आहेत. त्यांच्याकडून जे समजून घेतले आणि कारखान्यांत जे पाहिले, ते वाचक बांधवांपुढे ठेवत आहे.

रेघेमागचा हिशोब

डिझाइन इंजिनियर रेघा ओढतो हे खरे, पण कापडाचा व्यापारी कागदावर आकडे लिहितो हेही खरेच आहे. आकड्यामागे सौदा असतो, तसा रेघेमागे हिशोब असतो.

साध्या मागाचेच उदाहरण घेऊ. समजा माग मिनिटाला १५० पिकांनी चालतो. म्हणजे एका पिकाला ०.४ सेकंद मिळाले. त्यातला साधारण एक तृतीयांश वेळच धोटा ताण्याच्या फटीतून उडत असतो. उरलेल्या वेळेत फट उघडते, मिटते आणि फणी बाणा ठोकते. धोट्याला एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जायला दीड मीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. हिशोब केला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे तासाला ३६ किलोमीटर निघतो. कांडीसकट धोट्याचे वजन ४०० ग्रॅम धरा. तो पेटीत २० सेंटीमीटरच्या आत थांबवायचा आहे. त्यासाठी सरासरी दहा किलो वजनाएवढा जोर लागतो. आणि हा ठोका एकदाच बसत नाही. दहा तासांच्या पाळीत तो ९०,००० वेळा बसतो. दहा लाख ठोके अकरा-बारा दिवसांत पूर्ण होतात.

आता प्रश्न पाहा. ठोका देणारी काठी कोणत्या लाकडाची किंवा कशाची असावी? चामड्याचा पट्टा किती जाड? धोटा थांबवणाऱ्या पेटीचा दाब किती? दाब कमी झाला तर धोटा उलटा उसळतो, जास्त झाला तर पुढच्या ठोक्याला जोर कमी पडतो आणि धोटा फटीत अडकून शेकडो तार तोडतो. काठी मजबूत केली तर वजन वाढते. वजन वाढले की तिला हलवायलाच जोर लागतो आणि विजेचे बिल चढते. एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडते. या ओढाताणीत योग्य जागा शोधणे आणि ती आकड्यांत लिहून देणे, हेच डिझाइन इंजिनियरचे काम आहे.

त्याच्याही पुढे जाऊन तो मुळालाच हात घालतो. दीड मीटर धागा फटीत ठेवण्यासाठी ४०० ग्रॅमचा धोटा फेकायचाच कशाला? हा प्रश्न युरोपातल्या इंजिनियरांना पडला. स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने १९५३ मध्ये जो माग बाजारात आणला, त्यात धोटा नव्हता. सुमारे ४० ग्रॅमची पोलादी गोळी धाग्याचे टोक धरून पलीकडे जात होती. नंतर रेपियर आले, पाण्याच्या आणि हवेच्या झोतावर धागा नेणारे माग आले. फेकायचे वजन कमी होत गेले तसा वेग वाढत गेला. आज आपण कर्ज काढून परदेशी एअरजेट आणतो, तेव्हा लोखंडाच्या किमतीबरोबर या प्रश्नाच्या उत्तराचीही किंमत मोजत असतो.

शाफ्ट तीनदा का तुटला?

आमच्या गावातल्या एका कारखान्यात घडलेली गोष्ट सांगतो. एका मागाचा खालचा शाफ्ट, ज्यावर ठोका देणारा कॅम बसतो तो, वर्षभरात तीनदा तुटला. पहिल्यांदा खरादीकडून नमुन्याप्रमाणे नवा करून घेतला. दुसऱ्यांदा भारी पोलाद वापरले. तिसऱ्यांदा मधला भाग जाडही केला. तरी तुटला, आणि प्रत्येक वेळी एकाच जागी, बेअरिंगजवळ जिथे जाड शाफ्ट बारीक होतो तिथे. मालक म्हणाले, आजकाल मालच खोटा येतो.

ईदला त्यांचा भाचा घरी आला होता. तो पुण्याला एका कंपनीत डिझाइनमध्ये आहे. त्याने तुटलेला तुकडा हातात घेतला, तोंड रॉकेलने धुतले आणि उजेडात धरले. अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळ्यावळ्यांच्या रेघा होत्या. उरलेला भाग खडबडीत आणि ताजा होता. तो म्हणाला, "मामू, हा आज तुटलेला नाही. कित्येक आठवडे तुटतच होता. आज फक्त शेवटचा तुकडा सुटला."

मग तो खरादीच्या दुकानात गेला. खरादी वयाने मोठे, हात अत्यंत साफ. त्याने अदबीने विचारले, "चाचा, जाड आणि बारीक जिथे मिळतात तो कोपरा इतका काटकोनात का काढलात?" ते म्हणाले, "बेटा, नमुना असाच होता. शिवाय बुश नीट टेकून बसतो."

तेवढ्या बोलण्यात सगळे कारण आले. आपण कापडवाले कापड फाडताना काय करतो? काठावर कात्रीने छोटा चिमटा घेतो आणि मग हाताने सर्रकन फाडतो. चिमट्याशिवाय तेच कापड दोन माणसांनी ओढले तरी फाटत नाही. लोखंडाचेही तसेच आहे. धारदार कोपरा हा लोखंडाला घेतलेला चिमटा आहे. शाफ्टवर जाणारा सगळा ताण तिथे गोळा होतो, बारीक चीर पडते आणि प्रत्येक ठोक्याला ती केसाएवढी पुढे सरकते. म्हणूनच भारी पोलाद वापरूनही उपयोग झाला नाही, आणि मधला भाग जाड केल्याने तर कोपऱ्याची पायरी आणखी मोठी झाली.

भाच्याने एक छोटे ड्रॉईंग काढून दिले. कोपऱ्यात दोन मिलिमीटरची गोलाई द्यायची आणि बुशच्या आतल्या कडेला तेवढीच घासणी करायची, म्हणजे बुश गोलाईवर न चढता नीट बसेल. पोलाद पूर्वीचेच, साधे. खर्च जवळजवळ काही वाढला नाही. त्यानंतर त्या मागाचा तो शाफ्ट पुन्हा बदलावा लागला नाही.

ही काही जादू नाही. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. चांगले लोखंड अचानक का तुटते, याचा शोध तेव्हापासून जोराने सुरू झाला. रँकिन या स्कॉटिश इंजिनियरने आसाच्या धारदार कोपऱ्यांकडे बोट दाखवले. पुढे जर्मनीत व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन दाखवले की एकदा सहन होणारे वजन लाखो वेळा पडले की लोखंड थकते. ही माहिती आज डिप्लोमाच्या पुस्तकातही आहे. पण ज्या लेथवर आपले शाफ्ट बनतात, तिथपर्यंत ती ड्रॉईंगमधूनच पोहोचू शकते. आणि आपल्याकडे ड्रॉईंगच नसते.

नमुन्यावरून नमुना

आपल्या गावांतले साधे माग बहुतेक जुने आहेत. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भंगाराच्या भावाने आले आणि आपल्या जॉबरांनी ते पुन्हा चालते केले. हे त्यांचे मोठे हुनर आहे, ते कुणी नाकारू नये. त्या मागांबरोबर त्यांचे ड्रॉईंग मात्र आले नाही. त्यामुळे भाग तुटला की तुटका तुकडाच नमुना म्हणून जातो.

इथे नुकसान कसे होते ते समजून घ्या. नवा असताना जो भाग २५ मिलिमीटरचा होता, तो झिजून २४.७ झालेला असतो. खरादी इमानदारीने २४.७ चाच नवा करून देतो. पुढच्या वेळी तोही झिजतो आणि त्याचा नमुना जातो. पाच-सहा वेळा असे झाले की मागात मूळ मापाचा एकही भाग राहत नाही. माग खडखडतो, कापडात पट्टे येतात, व्यापारी माल परत करतो किंवा भाव पाडतो. मी स्वतः व्यापारी असल्यामुळे सांगतो, कापडातल्या पुष्कळशा दोषांचा उगम सुतात नसतो, मागाच्या ढिलाईत असतो.

आट्यांचीही तीच गत. इंग्रज इंजिनियर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये नट-बोल्टच्या आट्यांचे एकच प्रमाण ठरवण्याची सूचना केली. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. जुन्या मागात इंची आटे आणि बाजारात मेट्रिक बोल्ट. मिस्त्री जोर लावून बसवतो, दोन फेऱ्या जातात, आटे मरतात, आणि महिन्याभरात बोल्ट ढिला होतो.

आता तर थ्री-डी स्कॅनर आले आहेत. भाग समोर ठेवला की कॉम्प्युटरवर त्याचे चित्र तयार. पण झिजलेला भाग स्कॅन केला तर झिजलेलेच चित्र मिळणार. हा भाग मुळात किती मापाचा असायला हवा आणि का, हे सांगणारा माणूस लागतोच. तोच डिझाइन इंजिनियर.

ड्रॉईंग म्हणजे लेखी सौदा

व्यापारात तोंडी सौद्याचे भांडण आपल्याला माहीत आहे. पन्ना किती, रीड-पिक किती, काठ कसा, हे लिहिलेले नसेल तर माल आल्यावर वाद होतो. म्हणून शहाणा व्यापारी आधी लिहून घेतो, आणि पन्ना किती कमी-जास्त चालेल तेही लिहितो. डिझाइन इंजिनियरचे ड्रॉईंग हा असाच लेखी सौदा आहे.

कोणताही कारीगर अगदी तंतोतंत २५ मिलिमीटरचा शाफ्ट बनवू शकत नाही. जगातले कोणतेही यंत्र बनवू शकत नाही. थोडा फरक राहणारच. तो किती चालेल, हे ड्रॉईंगमध्ये लिहिलेले असते. याला टॉलरन्स म्हणतात. उदाहरणार्थ, बुशचे भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, आणि त्यात फिरणारा शाफ्ट २४.९५९ ते २४.९८०. मग कोणताही शाफ्ट कोणत्याही बुशमध्ये घाला, कमीत कमी ०.०२० आणि जास्तीत जास्त ०.०६२ मिलिमीटर जागा मिळणार. तेलाचा थर तिथे राहतो आणि शाफ्ट डुगडुगतही नाही. ही मापे इंजिनियरने मनाने ठरवलेली नाहीत. प्रमाण कोष्टके आहेत, भारतातही मानक ब्युरोची आहेत, त्यांतून तो कामाला योग्य अशी जोडी निवडतो.

माप जितके कडक मागाल तितकी मजुरी वाढते. साध्या लेथवरचे काम ग्राइंडिंगवर जाते, तिथून आणखी महाग यंत्रावर. म्हणून जिथे गरज नाही तिथे सैल माप देणे, हीसुद्धा इंजिनियरची हुशारी आहे. चांगला डिझाइन इंजिनियर तो, ज्याचे ड्रॉईंग पाहून खरादी म्हणतो, "हे बनेल, आणि परवडेलही."

ड्रॉईंगची आणखी एक ताकद आहे. ते दूर देशी, दुसऱ्या काळात जाऊनही बोलते. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातले इंजिनियर अल-जझरी यांनी १२०६ मध्ये आपल्या यंत्रांवर अरबीत ग्रंथ पूर्ण केला. पाणी उपसणारी यंत्रे, घड्याळे, कुलपे यांची नुसती वर्णने त्यात नाहीत. आकृत्या आहेत, भागांची मापे आहेत, कोणता भाग कशाचा आणि कसा जोडायचा हेही आहे. त्यामुळेच आठशे वर्षांनंतर लोकांनी त्यांची घड्याळे पुन्हा बनवून चालवून दाखवली. त्यांच्या काळातही पुष्कळ उत्तम कारीगर असतील. ज्याने लिहून आणि रेखाटून ठेवले, त्याचे हुनर उरले.

मागाच्या कारखान्यातून मोटार

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचे गृहस्थ होते. वडील सुतार. साकिची यांनी १८९१ मध्ये आपल्या लाकडी हातमागाच्या सुधारणेचे पेटंट घेतले. मग यंत्रमागाकडे वळले. तार तुटला तर माग आपोआप थांबावा, म्हणजे खराब कापड विणले जाणार नाही आणि एका माणसाला पुष्कळ माग सांभाळता येतील, हा त्यांचा ध्यास. त्यांचा मुलगा किइचिरो टोकियोच्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकला. बापाचे हुनर आणि मुलाचे शिक्षण एकत्र आले आणि १९२४ मध्ये 'टाइप जी' हा स्वयंचलित माग तयार झाला. वेग न थांबवता तो धोटा बदलत असे.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या त्या काळच्या नामांकित यंत्र कंपनीने या मागाचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, तेच आता जपानी सुताराच्या घरातला नकाशा विकत घेत होते. पुढे किइचिरो यांनी मोटारीचे काम हाती घेतले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. त्यांच्या उद्योगसमूहाचे एअरजेट माग आजही भारतात येतात.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंगांधळेपणामुळे रंगकाम जमेना. मग ते यांत्रिक ड्रॉईंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. रंग न ओळखता येणाऱ्या माणसाने नुसत्या रेघेच्या बळावर कारखाना उभा केला. दोन्ही ठिकाणी सुरुवात लहानच होती, फक्त ड्रॉईंग स्वतःचे होते.

रोजचे काम कसे असते?

नव्या मुलाला पहिल्या दिवशी कोणी यंत्र बनवायला देत नाही. सुरुवातीची दोन-एक वर्षे तो दुसऱ्याने केलेल्या डिझाइनची ड्रॉईंग काढतो, भागांची यादी बनवतो, चुका दुरुस्त करतो. काम आता कॉम्प्युटरवर चालते. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले, सॉलिडवर्क्स १९९५ मध्ये, आणि मोठ्या कंपन्यांत कॅटिया, क्रिओ यांसारखी साधने असतात. भाग पडद्यावर फिरवून पाहता येतो, ताण कुठे गोळा होतो ते रंगांत दिसते. पण कॉम्प्युटर फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. जोर किती धरायचा, भाग कसा पकडला आहे, वापरणारा माणूस तो कसा हाताळेल, हे चुकीचे सांगितले तर रंगीत चित्रही चुकीचेच येते.

म्हणून चांगल्या कंपनीत डिझाइनवाल्याला वारंवार कारखान्यात पाठवतात. कास्टिंग साच्यातून निघेल का? पान्याला फिरायला जागा आहे का? तेल घालायचे तोंड अंधाऱ्या कोपऱ्यात तर गेले नाही? हे प्रश्न जॉबरच्या पोराला चटकन सुचतात. ज्याने लहानपणी बापाबरोबर रात्री टॉर्च धरून माग दुरुस्त होताना पाहिला, त्याला कुठे हात पोहोचत नाही हे सांगावे लागत नाही. ही आपल्या मुलांची मोठी पुंजी आहे, आणि त्यांना स्वतःलाच तिची किंमत माहीत नसते.

या कामाच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. सुरुवातीचा पगार साइटवरच्या नोकरीपेक्षा कमी असू शकतो. दिवसच्या दिवस बसून काम, डोळ्यांना ताण. पंधरा दिवस खपून केलेले काम एका बैठकीत रद्द होते. भाग बाजारात जाऊन तुटला तर ड्रॉईंगवर सही कुणाची ते पाहिले जाते. नमुना बनतो, चाचणीत नापास होतो, पुन्हा बदल, पुन्हा चाचणी. ज्याला सबर नाही त्याने या वाटेला जाऊ नये. पण आठ-दहा वर्षे टिकून राहिलेल्या माणसाला दुसरीकडे जायला भीती नसते. साइट संपली की नोकरी संपली, असे त्याचे होत नाही.

मुलींच्या बाबतीतही विचार करावा. हे काम ऑफिसात, टेबलावर आणि काही वेळ कारखान्यात असते. आपल्या मुली दहावी-बारावीला मुलांच्या पुढे असतात आणि नंतर घरी बसतात. ज्यांना गणितात गोडी आहे त्यांना हा रस्ता मोकळा आहे.

शिक्षणाचा रस्ता

दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. किंवा तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यामुळे परिस्थिती बेताची असली तरी टप्प्याटप्प्याने जाता येते. इचलकरंजीत डीकेटीई, मुंबईत व्हीजेटीआय आणि भायखळ्याची साबू सिद्दीक, मालेगावात मन्सूरा, अशा संस्था जवळ आहेत. नुसता तीन महिन्यांचा सॉफ्टवेअर कोर्स करून कोणी डिझाइन इंजिनियर होत नाही, हे ध्यानात ठेवावे. शिंप्याला मशीन चालवता आली म्हणजे कापणी आली असे होत नाही, तसेच हे.

उर्दू माध्यमातल्या मुलांना एक भीती असते. मीही उर्दू शाळेतच शिकलो. आम्ही कोनाला जाविया म्हणायचो, वर्तुळाला दायरा, त्रिकोणाला मुसल्लस, त्रिज्येला निस्फ कुतर. कॉलेजात गेल्यावर हे सगळे शब्द इंग्रजीत येतात आणि हुशार मूलही गप्प होते. त्याला सांगा की शब्द बदलला, कोन तोच आहे. साठ अंश उर्दूतही साठच असतात. ड्रॉईंग ही स्वतःच एक भाषा आहे आणि ती जर्मनीत, जपानमध्ये, मालेगावात एकाच तऱ्हेने वाचली जाते. आपल्या शाळांनी आठवीपासून भूमितीचे इंग्रजी शब्द उर्दूबरोबर फळ्यावर लिहायला सुरुवात केली, तरी निम्मी भीती जाईल.

कारखानदारांनी काय करावे?

मुलांना शिकवून पाठवून दिले आणि आपण नमुन्यावरून नमुना बनवत बसलो, तर शिक्षणाचा फायदा दुसऱ्याच गावाला होईल. काही गोष्टी आजपासून करता येतात.

वारंवार तुटणारे दहा भाग निवडा. गावातला डिप्लोमाचा विद्यार्थी किंवा सुट्टीला आलेला इंजिनियर गाठून त्यांची नीट ड्रॉईंग काढून घ्या. न झिजलेला भाग कुठे मिळाला तर त्याची मापे घ्या, नसेल तर समोर जुळणाऱ्या भागावरून हिशोब करा. त्याला या कामाचे पैसे द्या. "अपना ही बच्चा है" म्हणून फुकट करून घेऊ नका. ज्या कामाला आपण दाम देत नाही, त्या कामाला मुले इज्जत देत नाहीत. चार-पाच कारखानदारांनी मिळून ही फाइल केली तर खर्च वाटला जाईल.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साध्या मागांना जोडण्या बसवण्यासाठी अनुदान होते. तार तुटल्यावर माग थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, बीम सोडण्याची सुधारित यंत्रणा, तेल न लागणारे नायलॉनचे भाग, अशी ती यादी होती. यातल्या अनेक वस्तू आपल्याच गावच्या वर्कशॉपमध्ये बनू शकल्या असत्या. बनवण्याचे हात होते, नकाशा नव्हता.

एक सावधगिरीही हवी. दुसऱ्याचे चालू पेटंट असलेली वस्तू उचलून बनवणे कायद्याने गुन्ह्यासारखे महागात पडू शकते आणि नीतीलाही धरून नाही. पेटंटची मुदत वीस वर्षांची असते. जुन्या मागांचे मूळ पेटंट कधीच संपले आहेत, त्यामुळे त्यांत सुधारणा करायला मोकळीक आहे. आणि आपल्या मुलाने काही नवे काढले, तर त्याची नोंदणी आपणही करून घ्यावी.

आपण व्यापारी माणसे नफा कुठे राहतो ते बरोबर ओळखतो. सूत विकणारा, कापड विणणारा, रंगवणारा, विकणारा, प्रत्येकाचा वाटा आपल्याला तोंडपाठ असतो. या साखळीत मागाचा आणि त्याच्या भागांचा नकाशा काढणाऱ्याचाही एक वाटा आहे. तो आजवर मँचेस्टरला गेला, स्वित्झर्लंडला गेला, आता जपान, बेल्जियम आणि चीनला जातो. यंदा दहावीचा निकाल लागेल तेव्हा घरात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी निघेल, जिला यंत्र उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तिला दुकानावर बसवण्याआधी किंवा परदेशी पाठवण्याआधी एकदा ड्रॉईंगच्या टेबलावर बसू द्या. माग आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे. त्याचा नकाशाही एक दिवस आपल्या घरातून निघावा.